सुपरकॉम्प्युटरवर जीनोम अ‍ॅनोटेशन करताय? या चुका टाळा

जीनोम अ‍ॅनोटेशन म्हणजे सजीवाच्या संपूर्ण डीएनएत जनुकं कुठे आहेत ते शोधून नोंदवणं. दापोली, रत्नागिरी किंवा वेंगुर्ल्यात बसून पुण्याच्या सुपरकॉम्प्युटरवर हे काम करता येतं, आणि कोकणातल्या मुलांनी ते करायलाच हवं. आपल्या आंबा-कोकमाच्या जनुकांवर आपल्याइतक्या आस्थेने दुसरं कोण काम करणार? २०१५ साली राष्ट्रीय सुपरकॉम्प्युटिंग मिशन सुरू झालं, त्यातून पुण्याच्या आयसर या विज्ञान संस्थेत ‘परम ब्रह्म’ उभं राहिलं, सी-डॅक या सरकारी संगणन संस्थेत ‘परम सिद्धी-एआय’ आलं. यंत्रं आहेत. काम अडतं ते बहुतेक वेळा जीवशास्त्राशी काडीचाही संबंध नसलेल्या गोष्टींवर.

पहिली चूक यंत्रावर वेळ मागण्याच्या अर्जातच होते. ‘जीनोम अ‍ॅनोटेशन करायचे आहे’ एवढ्यावर कोणी वेळ देत नाही. जीनोम केवढा, कोणती सॉफ्टवेअर लागणार, रॅम आणि डिस्क अंदाजे किती, हे लिहा. हापूसचा जीनोम जवळपास ४० कोटी बेसचा, म्हणजे डीएनएच्या अक्षरांचा आहे. तुमच्या वनस्पतीच्या जीनोमचा आकार माहीत नसेल तर जवळच्या प्रजातीचा द्या. आणि गाइडच्या एकाच लॉगिनवर चार जणांनी काम करणं बंद करा. कोणाचा जॉब (यंत्राला दिलेलं काम) कोणी उडवला हे शोधण्यात दिवस जातात, शिवाय बहुतेक केंद्रांच्या नियमात ते बसतही नाही.

सुपरकॉम्प्युटर म्हणजे जोडलेले अनेक संगणक, म्हणजेच नोड. लॉगिन केल्यावर समोर येतं ते लॉगिन नोड. ती सगळ्यांची सामाईक ओसरी आहे. तिथे रिपीटमास्कर (डीएनएतले पुन्हापुन्हा येणारे भाग, म्हणजे रिपीट, झाकणारा प्रोग्राम) चालवू नका. सगळ्यांचं काम संथ होतं आणि अ‍ॅडमिन तुमची प्रोसेस बंद करतो. जड काम स्लर्मच्या, म्हणजे नोडवर कामं वाटून देणाऱ्या सॉफ्टवेअरच्या, रांगेतूनच पाठवायचं.

आता सर्वात जास्त वेळ खाणारी गोष्ट: मागणी. मुलं घाबरून सगळंच जास्त मागतात. ४० कोअर (प्रोसेसरचे स्वतंत्र भाग), सात दिवस, पूर्ण नोडची रॅम. मग जॉब ‘पेंडिंग’ पडून राहतो आणि वाटतं, यंत्रच बिघडलंय. स्लर्म मोठ्या जॉबसाठी जागा राखून ठेवतो आणि मधल्या रिकाम्या वेळेत छोटे जॉब बसवतो. तुम्ही सहा तासांच्या कामाला सात दिवस लिहिले, तर त्या फटीत तुम्ही कधीच बसणार नाही. त्यात ऑगस्टससारखा जनुकं शोधणारा प्रोग्राम एका वेळी एकच कोअर वापरतो. ४० मागितले तर ३९ नुसते बसून राहतात, आणि अनेक केंद्रांवर ते तुमच्या वापरात मोजले जाऊन पुढच्या जॉबचा क्रम खाली जातो. त्यापेक्षा जीनोमचे तुकडे करा आणि जॉब अ‍ॅरे लावा, म्हणजे प्रत्येक तुकड्याचा वेगळा छोटा जॉब.

नेमकं किती मागायचं? आधी एकच मध्यम लांबीचा कॉन्टिग (जीनोमचा सलग तुकडा) चालवा. तो संपला की ‘सॅक्ट’ (sacct) कमांडने लागलेला वेळ आणि ‘मॅक्स-आर-एस-एस’ (MaxRSS) हा रॅमचा आकडा बघा. त्यावर थोडी मोकळीक ठेवून मागा. तुकडे लावताना सर्वात लांब तुकड्याचा हिशेब वेगळा करा, कारण तोच अडतो. जॉब मेला तर तिथेच कारणही दिसतं: ‘आउट ऑफ मेमरी’ असेल तर रॅम कमी पडली, ‘टाइमआउट’ असेल तर वेळ. दोन्हींचा उपाय वेगळा आहे. कारण न बघता तोच जॉब पुन्हा लावणं म्हणजे रांगेतल्या दुसऱ्या कोणाची तरी जागा फुकट घालवणं.

मेकर हा अ‍ॅनोटेशनचा प्रोग्राम वापरणाऱ्यांनी आणखी एक जपावं. तो प्रत्येक कॉन्टिगसाठी फोल्डर करतो आणि बारीक फायलींचा ढीग लावतो. डिस्कवर जागा दिसत असूनही ‘कोटा एक्सीडेड’ आलं, तर जागेचा नव्हे, फायलींच्या संख्येचा कोटा संपलेला असू शकतो. मेकरची तात्पुरती फोल्डर नेटवर्कच्या डिस्कवर ठेवू नका. नोडच्या स्वतःच्या डिस्कवर द्या. स्क्रॅच, म्हणजे कामापुरती मिळणारी फोल्डर तर कायमची नसतेच. बऱ्याच केंद्रांवर ठरावीक दिवसांनी जुन्या फायली आपोआप पुसल्या जातात. निकाल आला की त्याच दिवशी हलवा.

अपेक्षित जनुकं सापडली का हे तपासणारा बुस्को हा प्रोग्राम अचानक थांबतो, त्याचं कारण बहुधा इंटरनेट. जॉब प्रत्यक्ष जिथे चालतो त्या कम्प्युट नोडला अनेकदा ते नसतं. वनस्पतींचा १६१४ जनुकांचा ‘एम्ब्रियोफायटा ओडीबी-१०’ हा संच आधी लॉगिन नोडवरून उतरवून घ्या आणि ऑफलाइन पर्यायाने चालवा.

पावसाळ्यात आपल्याकडे लाइट जाणार, नेट तुटणार, हे धरूनच चाला. रांगेत लावलेला जॉब तुमच्या लॅपटॉपवर अवलंबून नसतो, तो चालूच राहतो. लॉगिन नोडवरचं सेशन मात्र तुटतं, म्हणून ते ‘टीमक्स’ (tmux) या सेशन चालू ठेवणाऱ्या प्रोग्राममध्ये उघडा. मोठ्या फायली ‘आरसिंक’ (rsync) या फायली पाठवण्याच्या कमांडने, अर्धवट फाइल ठेवण्याचा पर्याय देऊन पाठवा. पोहोचल्यावर दोन्हीकडे एमडी-५ (फाइलचा पडताळणी क्रमांक) जुळवून बघा. अर्धीच पोहोचलेली फास्टा फाइल (डीएनएची अक्षरं असलेली) कुरकुर न करता चालते आणि निकालात जनुकं कमी भरतात. ती चूक पकडायला फार उशीर होतो.

मास्किंगबद्दल, म्हणजे रिपीट झाकण्याबद्दल स्पष्ट सांगतो: ते वगळून जनुकं शोधू नका. रिपीट न झाकल्यास ट्रान्स्पोझॉन, म्हणजे जागा बदलणारे डीएनएचे तुकडेच जनुक म्हणून मोजले जातात. ब्रेकर या जनुकं शोधणाऱ्या प्रोग्रामसाठी सॉफ्ट मास्किंग हवं, म्हणजे रिपीटची अक्षरं लहान लिपीत (लोअरकेस); सगळीकडे ‘एन’ भरू नका. फास्टाच्या शीर्षकांत मोकळ्या जागा आणि लांबलचक नावंही नकोत.

तरीही अडलात तर हेल्पडेस्कला ‘जॉब चालत नाही’ असं लिहून मोबाइलवर काढलेला स्क्रीनचा फोटो पाठवू नका. जॉब क्रमांक, स्क्रिप्ट, एरर फाइलच्या शेवटच्या वीसेक ओळी आणि आधी काय करून पाहिलं, हे मजकूर म्हणून द्या. आणि कमांड लाइन शिकायला अजून वेळ लागणार असेल, तर तोवर गॅलक्सी या वेबसाइटवर मोफत खातं काढा: मेकर, बुस्को दोन्ही ब्राउझरमध्ये चालतात, सोबत अ‍ॅनोटेशनचे पायरीपायरीने धडेही आहेत.