सात नावं म्हणजे मंडळ नव्हे : खान्देशातल्या संस्थांनी या चुका टाळा

1860 च्या सोसायटी नोंदणी कायद्याप्रमाणे संस्था काढायला किमान सात माणसं लागतात. बहुतेक गोंधळ या सातांपासूनच सुरू होतो. अध्यक्ष आपण, सचिव बायको, कोषाध्यक्ष शालक, उरलेली चार नावं मित्रांची. त्यांची आधारची झेरॉक्स घेतली की कार्यकारी मंडळ तयार! घरची माणसं घेऊच नयेत असं नाही. पण मंडळाचं खरं काम संस्था चालवणाऱ्याला प्रश्न विचारण्याचं आहे. एकाच घरातली माणसं ते सहसा करत नाहीत आणि केलंच तर घरात भांडण होतं. सातात दोन तरी अशी माणसं घ्या, जी तुमच्या तोंडावर 'नाही' म्हणू शकतील.

याच्या अगदी उलट चूक मोठ्या नावांची. तालुक्यातले पुढारी, नावाजलेले डॉक्टर, मोठे व्यापारी लेटरहेडवर झळकतात, बैठकीला मात्र येत नाहीत आणि दर वेळी गणपूर्तीसाठी धावाधाव होते. अशांचा मान जरूर ठेवा, त्यांना सल्लागार करा. मंडळात मात्र हिशेब वाचणारी, वेळ देणारी माणसं हवीत. निवृत्त बँक कर्मचारी, माध्यमिक शाळेतल्या बाई, बचत गट चालवणारी ताई ही माणसं जळगाव, धुळे, नंदुरबारच्या कुठल्याही गावात सापडतात. त्यांना कुणी विचारत नाही, इतकंच.

ज्यांच्यासाठी संस्था आहे, त्यांच्यातलं एकही माणूस मंडळात नसणं मला सगळ्यांत जास्त खटकतं. काम धडगाव-अक्कलकुव्याच्या पाड्यांवर आणि सगळे सदस्य शहरातले, हे चित्र बदलायला हवं. पावरा किंवा भिल्ल समाजातली सदस्य घेतलीत तर बैठक तिला समजेल अशा भाषेत आणि तिला येता येईल अशा दिवशी ठेवा. दिवाळीनंतर अनेक कुटुंबं ऊसतोडीला गुजरातेत जातात. आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, बाया माहेरी असतात. असे दिवस धरून बैठक लावली की ती येत नाही आणि मग 'त्यांना रस नाही' असा शेरा मारला जातो.

इतिवृत्ताची वही घरोघर फिरवणं

"नाना, इथं सही करा," म्हणत शिपाई वही घेऊन फिरतो. बैठक झालेलीच नसते. पुढे वाद झाला की हीच वही धर्मादाय कार्यालयात पुरावा म्हणून जाते आणि 'मी त्या दिवशी गावातच नव्हतो' असं एखादा सदस्य शपथेवर सांगतो. वर्षाच्या सुरुवातीलाच चार बैठकांच्या तारखा ठरवा. नियमावलीत दिलेल्या मुदतीत नोटीस काढा, सोबत जमाखर्च आणि बँकेचं स्टेटमेंट पाठवा. कोषाध्यक्षाने पासबुक पाहिलेलंच नसेल, तर तो कोषाध्यक्ष नावापुरताच.

बदल अर्ज राहून जाणं

इथे थोडं थांबून वाचा, कारण नुकसान इथेच जास्त होतं. महाराष्ट्रात सोसायटी म्हणून नोंदवलेली धर्मादाय संस्था सार्वजनिक न्यासही ठरते. म्हणून मंडळाचा सदस्य, म्हणजेच विश्वस्त, वारला, राजीनामा दिला किंवा नवा निवडून आला, तर महाराष्ट्र सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था कायद्याच्या कलम 22 प्रमाणे 90 दिवसांत बदल अर्ज द्यावा लागतो. अनेक संस्था ठराव करतात आणि तिथेच थांबतात. पुढे बँक किंवा देणगीदार कंपनी परिशिष्ट 1 चा, म्हणजे विश्वस्तांची नावं असलेल्या सरकारी नोंदवहीचा, उतारा मागते, तेव्हा त्यावर हयात नसलेल्यांची नावं निघतात. त्यातच दोन गट पडले तर दोघेही आपापला बदल अर्ज घेऊन जातात आणि निकाल लागेपर्यंत संस्थेचं काम अडतं.

असं झालंच असेल तर आधी परिशिष्टाची प्रमाणित प्रत काढा. मग इतिवृत्तावरून कुठल्या वर्षी कोण गेलं, कोण आलं याची यादी करा. मृत्यूचे दाखले, राजीनामे, नोटिसा, ठराव त्या क्रमाने लावा. सर्वांत जुना बदल आधी दाखल करा आणि सोबत विलंब माफीचा अर्ज द्या. जुन्या तारखेचे ठराव आज लिहून काढू नका, कितीही सोयीचं वाटलं तरी. झालेली चूक मान्य करता येते, खोटी वही मात्र विश्वस्तांच्याच अंगाशी येते.

संस्थापकच कायमचा

नियमावलीत मुदत लिहा आणि पाळा. दर निवडणुकीत एक-दोन नवी माणसं आणा. सगळं मंडळ एकदम बदललं तर जुनी माहिती हरवते. धुळ्याचं राजवाडे संशोधन मंडळ 1927 मध्ये उभं राहिलं, इतिहासाचार्य वि. का. राजवाडे वारल्यानंतर. ज्यांच्या नावाने संस्था, ते हयात नसताना पुढच्या माणसांनी ती सांभाळली.

राहिला पैशाचा आणि जागेचा प्रश्न. विश्वस्ताच्या दुकानातून खरेदी किंवा नातेवाइकाला पगार असेल तर त्या विश्वस्ताने चर्चेतून उठावं आणि तसं इतिवृत्तात नोंदवावं. वाजवीपेक्षा जास्त दिलं तर आयकराची सवलत धोक्यात येते. संस्थेची जागा विकायची असेल, किंवा इमारत तीन वर्षांपेक्षा जास्त काळ भाडेपट्ट्याने द्यायची असेल, तर त्याच विश्वस्त व्यवस्था कायद्याच्या कलम 36 प्रमाणे धर्मादाय आयुक्तांची पूर्वपरवानगी लागते. मंडळाचा ठराव एकमताचा असला तरी लागते, म्हणून इसार घेण्याआधी अर्ज करा.