सांगलीत बसून अँड्रॉइडच्या सुसंगततेचं काम शिकायचं असेल तर

सांगली-मिरजेतली मुलं-मुली मला बहुतेक एकच विचारतात, "ताई, मोबाईलच्या क्षेत्रात जायचंय, ॲप बनवायला कुठून सुरू करू?" ॲप जरूर शिका. पण ॲपच्या खाली एक मोठं काम चालतं, आणि आपल्याकडचं कुणी तिकडे फारसं वळत नाही. एखादी कंपनी नवा टॅबलेट किंवा दुकानातलं बिलिंगचं हँडहेल्ड यंत्र बनवते, तेव्हा त्यावर अँड्रॉइड नुसतं बूट होऊन भागत नाही. बाकीच्या फोनवर चालणारं ॲप तिथेही तसंच चाललं पाहिजे. ते चालवून दाखवणं हे माझं काम. इलेक्ट्रॉनिक्सची पदवी सांगलीतच घेतली, पुण्यात नोकरी केली आणि आता विश्रामबागेतल्या घरून हेच करते.

अँड्रॉइडचा सोर्स खुला आहे. बराचसा भाग अपाचे परवान्याखाली, कर्नल (हार्डवेअर सांभाळणारा गाभा) लिनक्सचा, म्हणजे जीपीएल या परवान्याखाली. कुणीही घ्यावा, बदलावा. पण प्रत्येकाने मनाला येईल तसा बदलला तर काय होईल? मिरज जंक्शनवर एके काळी ब्रॉड, मीटर आणि नॅरो अशी तिन्ही गेज होती. गेज बदललं की सामान उतरवून दुसरी गाडी धरायची. ॲप लिहिणाऱ्यावर ती पाळी येऊ नये म्हणून दोन गोष्टी आहेत. एक सीडीडी, म्हणजे प्रत्येक आवृत्तीसोबत येणारा नियमांचा दस्तऐवज. दुसरी सीटीएस, म्हणजे ते नियम पाळले जातात का हे तपासणारा चाचण्यांचा संच. प्ले स्टोअर आणि गूगलची इतर ॲप्स हवी असतील तर वेगळा परवाना लागतो, आणि सुसंगतता सिद्ध केल्याशिवाय तो मिळत नाही.

नवखे लोक सीडीडी वाचत नाहीत, थेट कोडला हात घालतात. माझा आग्रह आहे, निदान ७.३ हा सेन्सरचा भाग शांतपणे वाचा. कोणता नियम बंधनकारक, कोणती नुसती शिफारस, हे तिथे प्रत्येक ओळीला क्रमांक देऊन सांगितलंय. ॲक्सिलरोमीटर (यंत्राचा कल आणि हालचाल मोजणारा सेन्सर) असेल तर तो किमान ५० हर्ट्झने, म्हणजे सेकंदाला ५० वेळा, माहिती देऊ शकला पाहिजे, चार जीपर्यंत, म्हणजे गुरुत्वाकर्षणाच्या चौपट, मोजू शकला पाहिजे आणि अँड्रॉइडचीच अक्षांची पद्धत पाळली पाहिजे.

ही अक्षांची अट कागदावर किरकोळ वाटते, बोर्डावर नाही. पडदा वर करून टॅबलेट टेबलावर सपाट ठेवला की झेड अक्षावर अधिक ९.८ (गुरुत्वाकर्षणाचा आकडा) यायला हवं. उभा धरला की वाय अक्षावर तेवढंच. डाव्या कडेवर उभा केला की एक्स अक्षावर. आता हार्डवेअरवाल्यांनी जागेअभावी सेन्सरची चिप बोर्डाच्या मागच्या बाजूला बसवली, की झेडवर उणे ९.८ दिसतं. नवीन माणूस झेडचं चिन्ह बदलतो आणि काम झालं असं समजतो. पण चिप पालथी घातली की झेडसोबत एक्स किंवा वाय, यांपैकी एक अक्षही उलटतो. एकच चिन्ह बदललं तर सपाट ठेवल्यावर आकडा बरोबर येतो आणि टॅबलेट आडवा केला की पडदा भलतीकडे फिरतो. म्हणून सहाही बाजूंवर ठेवून आकडे वहीत लिहायचे, त्यावरून मॅट्रिक्स (चिपचा कोणता अक्ष यंत्राच्या कोणत्या अक्षाकडे, याचा तक्ता) काढायचं आणि दुरुस्ती ड्रायव्हरच्या किंवा हॅलच्या (ड्रायव्हर आणि अँड्रॉइड यांना जोडणाऱ्या थराच्या) पातळीवर करायची. लिनक्सच्या डिव्हाइस ट्रीमध्ये, म्हणजे बोर्डावर कोणतं हार्डवेअर कसं जोडलंय हे सांगणाऱ्या फाइलमध्ये, यासाठी माउंट मॅट्रिक्स नावाची सोयच आहे. वरच्या फ्रेमवर्कमध्ये (ॲप ज्याच्याशी बोलतात त्या अँड्रॉइडच्या थरात) ठिगळ लावू नका. सीटीएस व्हेरिफायर या ॲपमध्ये हीच बाजू बदलून तपासायची चाचणी आहे. ती माणसाने स्वतः हाताने करायची असते.

"पण माझा लॅपटॉप साधा आहे" ही अडचण खरी आहे. संपूर्ण सोर्स उतरवून बिल्ड करायला साधारण ४०० जीबी जागा आणि ६४ जीबी रॅम लागेल असं अँड्रॉइडचीच कागदपत्रं सांगतात. म्हणून तिथून सुरुवात करूच नका. घरातला जुना फोन घ्या आणि त्याच्या अँड्रॉइड आवृत्तीचा तयार सीटीएस संच उतरवा. लॅपटॉपवर लिनक्स आणि जावा हवं. फोनमधला डेटा आधी काढून ठेवा, स्क्रीन लॉक बंद करा, भाषा अमेरिकन इंग्रजी ठेवा, वायफाय जोडा. सगळा संच लावला तर तासन्तास चालतो, आणि पावसाळ्यात आपल्याकडे विजेचा काही भरवसा नाही. त्यापेक्षा सेन्सरचं एकच मॉड्यूल चालवा. बाजारातून घेतलेल्या फोनवर चाचणी फेल झाली तर आधी स्वतःची मांडणी तपासा: नेटवर्क, परवानग्या, चुकीची आवृत्ती. मग लॉगकॅट (फोनमधल्या घडामोडींची नोंद दाखवणारं साधन) उघडा आणि पहिला एरर शोधा. शेवटचा बहुतेक वेळा पहिल्याचा परिणाम असतो.

पुढे एसईलिनक्स भेटेल, म्हणजे कोणत्या प्रोसेसने कशाला हात लावायचा हे ठरवणारी सुरक्षा व्यवस्था. लॉगमध्ये "डिनाइड" दिसलं की ती परमिसिव्ह (नुसती नोंद करणारी, न अडवणारी) करून पुढे जायचा मोह सगळ्यांना होतो. शोध घेण्यापुरतं ठीक आहे, पण विक्रीला जाणाऱ्या यंत्रात ती एनफोर्सिंग, म्हणजे खरोखर अडवणारी, असणं बंधनकारक आहे. सरसकट परवानग्या देऊनही सुटका नाही, कारण काही गोष्टींना कधीच परवानगी द्यायची नाही असे नियम आहेत आणि सीटीएस तेही तपासते. कोणत्या प्रोसेसला नेमकी कोणती फाइल का हवी आहे, हे शोधण्यात दिवस जातो. जाऊ द्या, शिकायला मिळतं ते तिथेच.

ट्रेबल या अँड्रॉइडच्या फेररचनेबद्दल थोडक्यात: २०१७ च्या अँड्रॉइड ८ पासून व्हेंडरचा (चिप आणि यंत्र बनवणाऱ्यांचा) भाग आणि सिस्टिमचा भाग वेगळे झाले, त्यामुळे एका सर्वसाधारण सिस्टिम इमेजवर व्हेंडरची बाजू तपासता येते. हाताशी बूटलोडर (फोन सुरू होताना अँड्रॉइड चढवणारा प्रोग्राम) अनलॉक करता येणारा फोन असेल तर हे करून बघा. अनलॉक करताना सगळा डेटा पुसला जातो हे ध्यानात ठेवा. लिनेजओएस या अँड्रॉइडवर आधारलेल्या खुल्या प्रणालीच्या डिव्हाइस ट्री (इथे अर्थ वेगळा: एकेका फोनसाठीच्या फाइलींचा संग्रह) सगळ्यांना बघायला खुल्या आहेत. तुमच्या फोनची असेल तर तिच्यातले जुने बदल क्रमाने वाचा. कोणत्या दोषावर कुणी काय उपाय केला, हे त्यात दिसतं.

नोकऱ्या प्रामुख्याने पुण्या-बंगळुरात आहेत. सी, थोडं जावा आणि लिनक्सची सवय एवढं भांडवल पुरतं. मुलाखतीला प्रमाणपत्रांची फाइल आणण्यापेक्षा दोन पानांचा अहवाल आणा: कोणती चाचणी फेल झाली, लॉगमध्ये काय होतं, दोष ड्रायव्हरमध्ये, हॅलमध्ये की मांडणीत, आणि तुम्ही ते कशावरून ठरवलंत. दोष सुटला नसला तरी चालेल. असा अहवाल समोर आला की मी उमेदवाराला दुसरं काही विचारत नाही, त्याच्यावरच तासभर बोलते.