क्रॉनचा मेल येत नाही? स्क्रिप्ट उसवण्याआधी हे बघा

रात्रीच्या बॅकअपचा मेल आला नाही की आपण थेट स्क्रिप्ट उसवायला घेतो. थांबा. क्रॉन म्हणजे लिनक्सवर ठरल्या वेळी कामं आपोआप चालवणारा प्रोग्राम. कामाने काही छापलं तरच क्रॉन मेल पाठवतो. स्क्रिप्ट गुपचूप संपली तर मेल नाही, आणि ओळीच्या शेवटी कुणी सगळा आउटपुट डेव्ह-नलमध्ये (/dev/null, म्हणजे टाकलेलं सगळं गिळणारी जागा) ढकलून ठेवला असेल तर एररही तिथेच गडप. म्हणून आधी दर मिनिटाला नुसता एक 'नमस्कार' छापणारी ओळ क्रॉनटॅबमध्ये, म्हणजे क्रॉनच्या कामांच्या यादीत, टाकून पाहा.

तोही नाही आला? मग क्रॉनटॅबमधली 'मेलटू'ची (MAILTO, मेल कुणाला जायचा ते सांगणारी) ओळ बघा. तिथे रिकामं अवतरण असेल तर मेल बंदच. ओळच नसेल, तर मेल त्याच मशीनवर यूजरच्या पेटीत पडतो. आमच्या अंधेरीच्या ऑफिसात तिथे वर्षभराचे मेल साचले होते, कुणाला पत्ताच नाही! पोस्टफिक्ससारखा मेल पाठवणारा प्रोग्राम नसेल, तर सिस्टिम लॉगमध्ये बहुधा तसं स्पष्ट लिहिलेलं सापडतं.

जीमेलमार्गे पाठवत असाल तर पोर्ट 25 चा नाद सोडा, 587 वापरा. नेहमीचा पासवर्डही चालत नाही. गूगल खात्यात टू-स्टेप व्हेरिफिकेशन चालू करून अ‍ॅप पासवर्ड (अशा प्रोग्रामसाठीचा वेगळा पासवर्ड) घ्या.

विंडोजवर क्रॉनचं काम टास्क शेड्युलर करतो, पण त्यातला मेलचा पर्याय विंडोज 8 पासूनच मोडीत निघालाय. तिथे मेल पाठवायला पॉवरशेल (विंडोजची स्क्रिप्ट-भाषा) गाठा.

आणि घड्याळ! सर्व्हर यूटीसीवर (जागतिक प्रमाणवेळ, आपल्यापेक्षा साडेपाच तास मागे) असेल तर 'रात्री 2' म्हणजे आपले सकाळचे साडेसात. मी रात्रभर वाट पाहिली. मेल वाजला तो विरार लोकलमध्ये, चौथ्या सीटवर टेकलो तेव्हा.