पेंटबॉल गन घेताय? या चुका टाळा

पेंटबॉल म्हणजे रंग भरलेल्या गोळ्या दाबाखालच्या हवेने किंवा गॅसने एकमेकांवर झाडायचा खेळ. माझी पहिली पेंटबॉल गन मी जुनी घेतली. इलेक्ट्रॉनिक, काळी-लाल, दिसायला झक्कास, वर हवेची टाकी फुकट. आपण सौदा मारला या खुशीत न्यू जर्सीहून दोन तास गाडी हाणत पेनसिल्व्हेनियातल्या पोकोनोच्या डोंगरात गेलो. हवा भरणाऱ्या खिडकीतल्या पोराने टाकी फिरवून तिच्यावरची तारीख वाचली आणि न बोलता परत माझ्या हातात दिली. शेवटची चाचणी होऊन सात वर्षं झाली होती. अमेरिकेत या टाक्यांची पाण्याच्या दाबाची चाचणी साधारणपणे दर पाच वर्षांनी करावी लागते. तारीख उलटलेली टाकी कोणी भरून देत नाही, आणि ते बरोबरच आहे. गाडीच्या टायरमध्ये ३५ पीएसआय (दर चौरस इंचाला पौंड) दाबाची हवा असते, या टाकीत ४५००. त्या दिवशी मी भाड्याच्या गनने खेळलो आणि माझी सुंदरी डिकीत पडून राहिली.

आता कोणी विचारलं, की मी क्रम सांगतो: आधी मास्क, मग हवा, गन शेवटी. बहुतेक जण नेमके उलट्या टोकाने सुरू करतात आणि गनवर सगळे पैसे उडवून मास्क उरलेल्या चिल्लरमध्ये बसवतात.

मास्क म्हणजे पेंटबॉलचाच मास्क. ‘एएसटीएम एफ१७७६’ हे पेंटबॉलच्या डोळ्यांच्या संरक्षणाचं अमेरिकी मानक पाळणारा. स्कीइंगचा गॉगल, कारखान्यातला सुरक्षा चष्मा, भावाचा मोटोक्रॉसचा मास्क, यातलं काहीही चालत नाही. गोळी जेमतेम तीन ग्रॅमची असली, तरी ती ताशी ३०० किलोमीटरच्या वेगाने येते. चष्मा लावणाऱ्यांनी दुपदरी, म्हणजे थर्मल भिंगाचाच घ्यावा. एकपदरी भिंगावर दहाव्या मिनिटाला वाफ धरते, माणूस वैतागतो आणि पुसायला म्हणून मैदानातच मास्क वर करतो. डोळे जातात ते अशा वेळी. दुकानात स्वतःचा चष्मा लावून मास्क चढवून बघा, पाच मिनिटं तसेच उभे राहा. घरी आल्यावर तो नळाखाली धरू नका. दोन पदरांमध्ये पाणी शिरलं की भिंग कामातून गेलं. काचा पुसायचा अमोनियावाला फवाराही नको. मऊ ओलं फडकं पुरतं.

हवेचं प्रकरण जरा वेळ देऊन समजून घ्यावं. कार्बन डायऑक्साइडची टाकी स्वस्त पडते, पण तिच्यात गॅस द्रवरूपात असतो आणि त्याचा दाब तापमानावर अवलंबून. २१ अंशांना साधारण ८५० पीएसआय, शून्याला ५०० च्या आसपास. म्हणजे ऑक्टोबरच्या थंड सकाळी गोळ्या पुढ्यातच पडणार. भराभर गोळ्या झाडल्या की टाकी स्वतःच गार पडते, द्रव गनमध्ये शिरतो आणि ओ-रिंगा, म्हणजे हवा अडवणाऱ्या रबरी कड्या, कडक होतात. दाबाखालच्या साध्या हवेला ही भानगड नाही. कार्बन डायऑक्साइडवर चालणाऱ्या बहुतेक गना हवेवरही चालतात. उलट मात्र नाही. इलेक्ट्रॉनिक गनला हा गॅस लावणं म्हणजे तिला मारणंच.

म्हणून आधी मैदानाला फोन करा. तुम्ही किती दाबाची हवा भरून देता, ३००० पीएसआय का ४५००? ३००० च मिळत असेल, तर ४५०० ची महागडी टाकी कायम दोन-तृतीयांशच भरणार. त्याच फोनवर हेही विचारा, की बाहेरच्या गोळ्या चालतात का. बऱ्याच मैदानांवर फक्त त्यांच्याकडच्याच गोळ्या घ्याव्या लागतात आणि खरा खर्च तिथे आहे. गन एकदाच घ्यायची असते, गोळ्या दर वेळी.

यावरूनच पुढची चूक: भराभर गोळ्या झाडायची हौस. सेकंदाला दहा गोळ्या सोडल्या, तर गनवरचा दोनशे गोळ्यांचा डबा, म्हणजे हॉपर, वीस सेकंदांत रिकामा. हा खेळ पहिल्यांदा खेळला गेला २७ जून १९८१ रोजी, न्यू हॅम्पशायरमधल्या हेनिकरच्या जंगलात. बारा खेळाडू होते. त्यांच्या हातात झाडांवर आणि गुरांवर खूण करायची नेल-स्पॉट पिस्तुलं होती. पेंटबॉल गनला अजूनही ‘मार्कर’ म्हणतात ते त्यामुळेच. जिंकला तो एक वनाधिकारी, आणि एकही गोळी न झाडता. पहिल्या वर्षी साधी यांत्रिक, .६८ कॅलिबरची (म्हणजे ०.६८ इंच व्यासाच्या गोळीची) गन पुष्कळ झाली. टिपमन ९८ सारखी गन चिखलात पडली तरी चालते आणि तिचे सुटे भाग सहज मिळतात. दहा-बारा वर्षांच्या मुलांसाठी .५० कॅलिबरची घ्या, तिचा मार हलका असतो.

आता तक्रारी. ‘गोळ्या बॅरलमध्येच फुटतात’ ही सगळ्यात मोठी, आणि दोष बहुतेक वेळा गोळ्यांचा असतो. गोळीचं कवच जिलेटिनचं, औषधाच्या मऊ कॅप्सूलसारखं. दमट हवेत ते फुगतं, उन्हात गाडीत राहिलं की त्याला खळगे पडतात. (जिलेटिन प्राण्यांपासूनच येतं, तेव्हा शाकाहारी मंडळींनी तोंडात उडालेला रंग थुंकून टाकावा. कपड्यांची चिंता नको, डाग हळदीपेक्षा सौम्य, पाण्याने निघतो.) मागच्या हंगामातल्या गोळ्या कितीही जीव जळला तरी टाकून द्या. फ्रीझरमध्ये ठेवून कडक करायचा सल्ला देणारा एक तरी भेटतोच. तशा गोळ्या ठिसूळ होऊन तुमच्याच बॅरलमध्ये फुटतात. गोळी बॅरलमध्ये सोडून बघा: आपोआप घरंगळून पलीकडे पडायला नको, पण तोंडाने फुंकर मारली की निघायला हवी. एक फुटली की बॅरल लगेच आतून पुसा, नाहीतर पुढच्या चार त्याच चिकट्यावर फुटतात.

‘सूं सूं आवाज येतोय.’ आधी टाकीच्या तोंडाशी कान लावा. तिथली ०१५ मापाची ओ-रिंग फाटलेली असते, किंमत काही सेंट, म्हणून अशा दहा खिशात ठेवाव्यात. गळती बॅरलमधून असेल आणि गन साधी ब्लोबॅकची (झाडल्यावर गॅसच्या दाबानेच हॅमर मागे जाणारी) असेल, तर ती कॉक न करताच, म्हणजे हॅमर मागे ओढून न अडकवताच, टाकी लावली असेल. कॉक करून परत लावा. तरीही थांबली नाही, तर हवा अडवणारा आतला कप सील गेला.

‘चाप एकदा ओढला आणि धडाधड चार गोळ्या सुटल्या.’ टाकी संपत आली असेल. दाब कमी पडला की हॅमर मागे जाऊन अडकतच नाही. भरलेल्या टाकीवरही तसंच होत असेल, तर सिअर, म्हणजे हॅमर अडकवून ठेवणारा खटका, झिजला आहे. तशी गन घेऊन मैदानात उतरू नका.

तेलाचं एकच: गनच्या पुस्तिकेत असेल तेच. घरातलं गंज काढायचं तेल ओ-रिंगा फुगवतं. हवा भरायच्या नळीच्या तोंडाला तर कोणतंच तेल लावायचं नाही, कारण इतक्या दाबाखाली ते पेट घेऊ शकतं. कार्बन डायऑक्साइडची जुनी टाकी काढताना आमच्यातला एक सोलापूरकर बाटलीवर आणि पितळी व्हॉल्व्हवर मिळून बायकोच्या नेलपॉलिशची एक आडवी रेघ ओढून ठेवतो. टाकी फिरवताना रेघ तुटली, तर टाकी गनमधून नाही, व्हॉल्व्ह बाटलीतून सुटतोय. तिथेच थांबायचं. अख्खा व्हॉल्व्ह निघाला, तर बाटली रॉकेटसारखी उडते.

गन उघडून दुरुस्त करायची असेल, तर आधी गोळ्या काढा, मग टाकी काढा, मग सुरक्षित दिशेला चाप ओढून उरलेली हवा सोडा. क्रम बदलायचा नाही.

परत येताना पेनसिल्व्हेनियाचा कायदा लक्षात असू द्या. गाडीत गन रिकामी हवी, टाकी सुटी किंवा बंद, बॅरलवर अडसर, आणि गन बंद डब्यात, गोळ्यांपासून वेगळी, हाताला लागणार नाही अशी. भारतात भाच्यासाठी न्यायची असेल, तर सीमाशुल्क खात्याला आधी विचारा. विमानात टाकी व्हॉल्व्ह पूर्ण काढून, आत दिसेल अशी उघडीच न्यावी लागते.

माझ्या काळ्या-लाल सुंदरीला पुढे नवी टाकी घेतली, ती जवळपास गनच्याच किमतीत पडली. गोळीचा वेग मोजला तर सेकंदाला ३१० फूट, मैदानाची मर्यादा २८०. पाना कमरेला होताच. वेगाचा स्क्रू दोन आटे सैल केला, २७६ वर आली, आणि पहिल्याच डावात शेजारच्या पंधरा वर्षांच्या मुलीने मला भाड्याच्या गनने टिपलं.