शोषखड्डा तुंबतो तो आधीच्या टाकीपायी

घरचं सांडपाणी जमिनीत मुरवणारा शोषखड्डा पहिल्या पावसाळ्यानंतर तुंबला की लोक जमिनीला नावं ठेवतात. जमीन पारखून खणलेला खड्डाही बुजतो, तो राखेने, तेलाच्या तवंगाने आणि साबणाच्या साक्याने. खड्डा खणणं हे एका दिवसाचं काम आहे. अक्कल लागते ती त्याच्या आधीच्या, पाणी थांबवून गाळ आणि तेल अडवणाऱ्या टाकीला.

आधी माप. नळयोजनेत माणशी रोज ५५ लिटर पाणी धरतात. त्या हिशेबाने पाच जणांच्या घरातून भांडी, आंघोळ आणि धुणं मिळून साधारण २०० लिटर सांडपाणी निघतं. शौचालयाचं पाणी यात जोडायचं नाही, कितीही सोयीचं वाटलं तरी. मुरमाड किंवा पोयट्याच्या जमिनीत खड्ड्याच्या भिंतीचा एक चौरस मीटर रोज सुमारे ३० लिटर पाणी पितो. तळ हिशेबात धरू नये, गाळ पहिला तिथेच बसतो. म्हणजे जवळपास ७ चौरस मीटर भिंत हवी. सगळीकडे सांगतात तो मीटरभर लांब-रुंद-खोल चौकोनी खड्डा ४ चौरस मीटर भिंत देतो. तीन माणसांपुरता ठीक. पाच जणांसाठी लांब चर खणा: ३ मीटर लांब, ६० सेंटिमीटर रुंद, पाणी आणणाऱ्या पाईपच्या खाली १ मीटर खोल. भिंत ७.२ चौरस मीटर मिळते आणि दगड भरल्यावरही सातशे लिटर पाणी मावतं.

जागा विहिरीपासून किंवा हातपंपापासून १५ मीटर लांब, घराच्या पायापासून ३ मीटर. नाशिक जिल्ह्यात निफाडकडे कालव्याखाली किंवा नांदूरमध्यमेश्वर धरणाच्या फुगवट्याजवळ राहत असाल तर शेजारच्या विहिरीचं पाणी भर पावसाळ्यात कुठवर चढतं ते पाहा. त्या पातळीच्या वर किमान २ मीटर चराचा तळ राहिला पाहिजे.

खणण्याआधी जमीन तपासा. चराच्या खोलीवर वीतभर रुंद, ३० सेंटिमीटर खोल भोक करून रात्रभर पाण्याने भरलेलं ठेवा. सकाळी पुन्हा भरून तासात पाणी किती उतरतं ते मोजा. अडीच सेंटिमीटरपेक्षा कमी उतरलं तर तिथे शोषखड्डा करू नका. कोरड्या भोकात पाणी ओतून लगेच मोजणारे फसतात, कारण कोरडी माती पहिलं पाणी अधाशासारखी पिते.

आता टाकी. टाकीऐवजी भोकं पाडलेलं मडकं आणि त्यात काथ्या, हा सल्ला अजून फिरतो. मडक्यात आठ-दहा लिटर पाणी मावतं. आंघोळीची एक बादली ओतली की तळाचा गाळ ढवळून थेट खड्ड्यात जातो. गाळ खाली बसायला आणि तेल वर यायला पाणी निवांत उभं राहावं लागतं, आणि त्याला जागा लागते. विटांची टाकी आतून ४५ बाय ४५ सेंटिमीटर ठेवा. बाहेर जाणाऱ्या पाईपखाली ५० सेंटिमीटर पाणी उभं राहिलं पाहिजे. हे साधारण १०० लिटर होतं, म्हणजे अर्ध्या दिवसाचं पाणी. आतून गिलावा करून भरून ठेवा. दुसऱ्या दिवशी पातळी उतरली असेल तर टाकी गळते आहे, आणि गळणाऱ्या टाकीत तवंग पाण्यासोबत खाली उतरून बाहेर जाणाऱ्या पाईपच्या तोंडाशी येतो.

आत येणारा पाईप बाहेर जाणाऱ्यापेक्षा ५ सेंटिमीटर वर. बाहेर जाणाऱ्या तोंडाला ७५ मिलिमीटरचा टी (इंग्रजी T आकाराचा पाईपजोड) उभा बसवा, एल्बो (कोपऱ्याचा जोड) नको. टीचा खालचा पाय पाण्यात २५ सेंटिमीटर बुडलेला, तळापासूनही २५ वर. असं केलं की वरचा तवंग आणि खालचा गाळ दोन्ही मागे राहतात, मधलं पाणी पुढे जातं. टीचं वरचं तोंड उघडंच ठेवायचं. गवंडी ते हमखास बुच मारून बंद करतो. मग आत हवा जात नाही, पाणी एकदा वाहू लागलं की ओढ लागून टाकीतलं पाणी खेचलं जातं आणि तवंग चरात उतरतो. शिवाय तुंबल्यावर काठी घालायला वाटच उरत नाही. टाकीवर घट्ट झाकण हवं, नाहीतर डास.

चराच्या तोंडाशी भोकं पाडलेली २० लिटरची बादली ठेवून तिच्यात कांद्याच्या जाळीदार गोणीत काथ्या कोंबून ठेवा. तो महिन्याला बदलायचा. गोणीला नाशकात कमी नाही.

चर भरणं सोपं: धुतलेले मूठभर ते दोन मुठीएवढे गोटे, वर भोकांचा पाईप, भोकं खाली आणि पाईप पातळीत, त्यावर वीतभर खडी, खताच्या गोणीचा थर, माती. पाईपच्या शेवटी एक उभा पाईप जमिनीवर काढा. खणताना टिकावाने भिंत गुळगुळीत झाली असेल तर खरवडून घ्या. चरावर वाळू घालू नका. ती सगळ्यात आधी बुजते. चराभोवती वीतभर बांध घाला, अंगणातलं आणि पागोळ्यांचं पाणी आत येऊ द्यायचं नाही. इगतपुरी, पेठ, सुरगाण्याला हे विसरलात तर आषाढातच चर भरून वाहील.

काळ्या मातीत चर चालत नाही. ती फुगते आणि मिटते. मीटरभर खाली मुरूम लागला तर तिथवर जा. नाहीतर, किंवा इगतपुरीकडे हातभरावर कातळ लागला तर, शेततळ्याच्या उरलेल्या प्लास्टिक कागदाचा ५ मीटर लांब, १ मीटर रुंद, ६० सेंटिमीटर खोल खडीचा वाफा करा, त्यात फुटाफुटावर कर्दळ. पाणी खडीच्या पृष्ठभागाखाली बोटभर राहील असं बाहेरचं तोंड बेतून पुढे केळीच्या आळ्यात सोडा. अळू चालेल. पालक, कोथिंबीर नको.

टाकी पंधरा दिवसांनी साफ करावी, तवंग आणि गाळ खतखड्ड्यात. उभ्या पाईपमध्ये काठी घालून पाणी मोजत राहा. घर दोन दिवस बंद असूनही चर भरलेलाच दिसला तर दोन मीटरवर दुसरा चर खणा आणि सहा-सहा महिन्यांनी पाणी अदलाबदलीने सोडा. सुकलेली भिंत पुन्हा पाणी पिऊ लागते.