मिरचीवरची कीड: आधी पान उलटून पाहा, मग फवारा

संकेश्वर, हुक्केरी, निपाणी भागात मिरचीची पानं आकसली की सगळे म्हणतात, "बोकड्या आला." लगेच औषध आणायला धावू नका. बोकड्याची कारणं वेगवेगळी, तसे उपायही वेगळे.

सुरुवात शेंड्यापासून करा. पानाच्या कडा वर वळून ते होडीसारखं झालं असेल तर फुलकिडे, म्हणजे थ्रिप्स. खात्रीसाठी शेंडा पांढऱ्या कागदावर झटका. पिवळसर-तपकिरी बारीक किडे पळताना दिसतील. कडा खाली वळून देठ लांबले असतील तर कोळी. तो भिंगाशिवाय दिसत नाही. झाड हलवल्यावर पांढरे किडे उडाले तर पांढरी माशी.

फुलकिड्यांवर निंबोळी अर्क. दहा लिटर फवाऱ्यासाठी निंबोळीच्या बियांमधला अर्धा किलो गर भरडा, फडक्यात बांधून रात्रभर पाण्यात ठेवा. सकाळी पुरचुंडी पिळत राहा, पाणी दुधाळ होईपर्यंत. गाळून पाणी दहा लिटर करा, थोडा साबणचुरा घाला. निंबोळ्या याच हंगामातल्या घ्या, जुन्यांचा गुण उतरतो. अर्क त्याच दिवशी वापरा, तोही उन्हं कलल्यावर, कारण उन्हानं त्यातला कडू अंश लवकर निकामी होतो. पानांची खालची बाजू भिजलीच पाहिजे. कीड तिथंच असते. आठवड्यानं पुन्हा फवारा.

कोळ्यावर पाण्यात मिसळणारं गंधक, लिटरला दोन-तीन ग्रॅम. कडक उन्हात मात्र नको, पानं करपतात.

पावसानं उघडीप दिली की फुलकिडे झपाट्यानं वाढतात, तेव्हा पाहणी वाढवा. फुलकिड्यांसाठी निळे, पांढऱ्या माशीसाठी पिवळे चिकट सापळे शेंड्याच्या उंचीवर लावा. तरू (रोपं) लावण्याआधीच कडेनं मक्याच्या दोन-तीन ओळी पेरा, मध्ये झेंडू ठेवा. फळ पोखरणाऱ्या अळीचा पतंग अंडी घालायला झेंडूकडे वळतो. युरिया बेतानं द्या. लुसलुशीत पाल्यावर मावा हमखास येतो.

एक कळकळीची विनंती: मावा असलेल्या झाडावर काळी, नारिंगी ठिपक्यांची, काटेरी अळी दिसली तर मारू नका. ती लेडीबर्ड भुंग्याची पिल्लं, मावा खाऊन जगणारी. ती भरपूर दिसली तर त्या झाडावरचा फवारा पुढं ढकला.

पांढरी माशी असताना पानं पिवळी पडून झाड खुजं राहिलं तर तो विषाणू. अर्कानं बरा होत नाही. झाड उपटून शेताबाहेर पुरून टाका.