सीमाभागातील महाविद्यालयाने जागतिक संशोधनात पाय कसे रोवावेत

खानापूर, निपाणी, चिकोडी किंवा अथणी येथील महाविद्यालयांत ‘आंतरराष्ट्रीयीकरण’ हा शब्द बहुधा मूल्यांकन समितीची भेट जवळ आली की कानावर पडू लागतो. मग घाईघाईने एखाद्या परदेशी विद्यापीठाशी सामंजस्य करार होतो आणि स्वाक्षरीचे छायाचित्र अहवालात जाते. अशा एका कराराचा मसुदा मी स्वतः केला होता, आणि मुदत संपेपर्यंत त्यातून एकही शोधनिबंध निघाला नाही, कारण दोन्हीकडच्या प्राध्यापकांपुढे एकत्र सोडवण्यासारखा प्रश्नच नव्हता. त्यामुळे माझे पहिले सांगणे क्रमाविषयी आहे: आधी प्रश्न निश्चित करावा, मग त्या प्रश्नावर काम करणारा माणूस शोधावा आणि करार सर्वांत शेवटी करावा.

प्रश्न असा निवडावा की ज्याचे उत्तर आपल्या परिसरात राहूनच नीट मिळू शकते आणि ज्याची गरज जगाला आहे. याचा उत्तम धडा बेळगाव जिल्ह्यातच घडलेला आहे. जवाहरलाल नेहरू वैद्यकीय महाविद्यालयातील संशोधकांनी अमेरिकी सहकाऱ्यांबरोबर ग्रामीण भागातील 1620 स्त्रियांवर एक चाचणी केली आणि तिचे निष्कर्ष 2006 साली ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात प्रसिद्ध झाले. प्रसूतीनंतर मिसोप्रोस्टॉलच्या गोळ्या दिल्यास अतिरक्तस्राव होणाऱ्या स्त्रियांचे प्रमाण 12 टक्क्यांवरून 6.4 टक्क्यांवर येते, असे तीत दिसून आले. या गोळ्यांना शीतपेटी लागत नाही आणि सुईही लागत नाही, म्हणून घरी किंवा उपकेंद्रात बाळंतपण करणारी सहायक परिचारिका त्या देऊ शकत होती. मोठ्या शहरातल्या सुसज्ज रुग्णालयाला हा प्रश्न सुचला नसता आणि तिथे तो सोडवताही आला नसता. जागतिक आरोग्य संघटनेने 2011 साली या औषधाचा हा उपयोग आवश्यक औषधांच्या यादीत घेतला, त्यामागे जो पुरावा होता त्यात या जिल्ह्यातील बाळंतिणींचा वाटा आहे, याचा मला मनापासून अभिमान वाटतो.

या कामातील मोजमापाची पद्धत तर आणखी जवळून पाहण्याजोगी आहे. रक्त किती गेले याचा अंदाज पूर्वी नजरेनेच बांधला जाई आणि तो बहुतेक वेळा कमी भरे. म्हणून येथील चमूने मापाच्या खुणा असलेले एक साधे प्लास्टिकचे कापड तयार केले. बाळ बाहेर आल्यावर ते बाळंतिणीच्या कमरेखाली सरकवायचे, वरचे बंद पोटाभोवती सैल बांधायचे आणि खालच्या निमुळत्या पिशवीत साठलेले रक्त खुणांवरून मिलिलिटरमध्ये वाचायचे, इतकीच ती कृती आहे. पुढे केनिया, नायजेरिया, दक्षिण आफ्रिका आणि टांझानिया या देशांत झालेल्या आणि 2023 साली प्रसिद्ध झालेल्या मोठ्या अभ्यासात अशाच मापाच्या कापडाला मध्यवर्ती स्थान होते. ज्याच्याजवळ विश्वासार्ह मोजमाप आहे त्याला भागीदार शोधत फिरावे लागत नाही, हे आपल्या प्राध्यापकांनी पक्के लक्षात ठेवावे. निपाणीच्या तंबाखू कामगारांचे श्वसनाचे आजार, कृष्णाकाठच्या पुरानंतरची जमीन, बेळगावच्या फाउंड्रीतील टाकाऊ वाळू, खानापूरच्या जंगलातील जीवसृष्टी, यांपैकी कोणत्याही एका विषयाची पाच वर्षांची नीट ठेवलेली नोंद महाविद्यालयाजवळ असेल, तर बोलणी बरोबरीच्या नात्याने होतील.

भागीदाराला पहिले पत्र लिहिताना संस्थेची थोरवी सांगण्यात परिच्छेद घालवू नयेत. त्यांचा कोणता निबंध वाचला, त्यातील कोणता मुद्दा आपल्या नोंदींशी जुळतो किंवा जुळत नाही, आपल्याजवळ किती काळाची माहिती आहे आणि त्यांच्याकडून नेमके काय हवे आहे, एवढे दीडशे शब्दांत लिहावे आणि माहितीचा छोटा नमुना सोबत जोडावा. पहिली मागणीही लहान ठेवावी, म्हणजे एखाद्या विश्लेषणाची तपासणी किंवा तासाभराची ऑनलाइन चर्चा. कामाचे पैसे, माहितीची मालकी आणि लेखकांचा क्रम या तीन गोष्टी मात्र काम सुरू होण्यापूर्वीच लेखी ठरवाव्यात, कारण नमुने आपण गोळा करायचे आणि प्रथम लेखक त्यांनी व्हायचे, ही तक्रार नंतर करून काही उपयोग होत नाही.

परवानग्यांना वेळ लागतो, म्हणून त्यांची तयारी पहिल्या दिवसापासून ठेवावी. आरोग्यविषयक संशोधनात परदेशी निधी किंवा सहभाग असेल तर संस्थेच्या नीतिशास्त्र समितीखेरीज आयसीएमआर म्हणजे भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेमार्फत चालणाऱ्या आरोग्य मंत्रालयाच्या छाननी समितीची संमती घ्यावी लागते. खानापूर तालुक्यातील भीमगड अभयारण्यात काम करायचे असेल तर वनविभागाची परवानगी हवी, आणि जैविक नमुने परदेशी सहकाऱ्याला देण्यापूर्वी 2002 च्या जैवविविधता कायद्यातील तरतुदी पाहाव्यात. संमतिपत्राकडे तर विशेष लक्ष द्यावे. ते मराठी आणि कन्नड अशा दोन्ही भाषांत असावे, आणि मूळ मजकूर न पाहिलेल्या दुसऱ्या व्यक्तीकडून त्याचे इंग्रजीत उलट भाषांतर करून अर्थ ताडून घ्यावा. दोन्ही भाषा घरात आणि बाजारात बोलणारी मुले आपल्या वर्गात बसलेली असतात. क्षेत्रकामात ही फार मोठी जमेची बाजू आहे आणि प्रस्तावात ती स्पष्ट शब्दांत लिहावी.

आता नावांविषयी. हा मुद्दा क्षुल्लक वाटतो, पण त्याने आपले फार नुकसान केले आहे. 1 नोव्हेंबर 2014 रोजी बेळगाव शहराचे अधिकृत नाव बदलून बेळगावी झाले आणि जुने निबंध एका नावाखाली, नवे दुसऱ्या नावाखाली नोंदले गेले. त्यातच महाविद्यालयाचे नाव कोणी पूर्ण लिहितो तर कोणी आद्याक्षरांत, त्यामुळे एकाच संस्थेचे काम शोधयंत्रांत चार ठिकाणी विखुरलेले दिसते. व्यक्तींचेही तसेच होते. मराठी घरात नाव, वडिलांचे नाव आणि आडनाव असा क्रम, तर शाळेच्या दाखल्यावर पुष्कळदा शेवटी आद्याक्षरे, आणि पारपत्रावर तिसरेच रूप. प्रत्येक प्राध्यापकाने आणि संशोधक विद्यार्थ्याने ऑर्किड क्रमांक, म्हणजे संशोधकाची जगभर चालणारी ओळखखूण, काढावा, सर्व निबंधांत नाव एकाच रूपात लिहावे आणि महाविद्यालयाने पत्त्याची एकच इंग्रजी ओळ ठरवून ती सर्वांना बंधनकारक करावी. याला खर्च नाही, आणि जुनी नोंद एकत्र करण्याचे काम एक दक्ष ग्रंथपाल काही आठवड्यांत करू शकतो.

संयुक्त पदवीचा विचार त्यानंतरच करावा. विद्यापीठ अनुदान आयोगाच्या 2022 च्या नियमांप्रमाणे जुळी, संयुक्त किंवा दुहेरी पदवी देण्यासाठी भारतीय संस्थेला नॅक या मूल्यांकन संस्थेचे किमान 3.01 गुण, किंवा राष्ट्रीय क्रमवारीतील विद्यापीठ गटात पहिल्या 100 मध्ये स्थान, किंवा ‘इन्स्टिट्यूट ऑफ एमिनन्स’ हा दर्जा यांपैकी एक अट पूर्ण करावी लागते, आणि परदेशी संस्था टाइम्स किंवा क्यूएस या विद्यापीठांच्या जागतिक क्रमवारीत पहिल्या 1000 मध्ये असली तर स्वतंत्र मंजुरी लागत नाही. पदवी देण्याचा अधिकार विद्यापीठाचा असल्याने संलग्न महाविद्यालयाने राणी चन्नम्मा विद्यापीठाच्या किंवा विश्वेश्वरय्या तंत्रज्ञान विद्यापीठाच्या संबंधित विभागाकडे आपला विषय घेऊन जावे. तोवर एका सत्रापुरता एखादा पेपर परदेशी सहकाऱ्याबरोबर ऑनलाइन मिळून शिकवून पाहावा. वेळापत्रक, परीक्षेच्या तारखा आणि गुणदानाची रीत यांतल्या अडचणी त्यात लगेच उघड होतात.

पैसे भरले की आठवड्यात निबंध छापणाऱ्या नियतकालिकांपासून तरुण प्राध्यापकांना दूर ठेवणे ही प्राचार्यांची जबाबदारी आहे, कारण तिथे छापलेला निबंध पुढे भागीदाराने पाहिला की पत्रव्यवहार थांबतो. 1 जानेवारी 2025 पासून सरकारी उच्च शिक्षण संस्थांना ‘एक राष्ट्र, एक वर्गणी’ योजनेतून सुमारे 13 हजार नियतकालिके वाचता येतात. खासगी महाविद्यालयांनी जवळच्या सरकारी संस्थेतील सहकाऱ्याबरोबर संयुक्त वाचनगट सुरू करावा, दर पंधरवड्याला एकच निबंध घ्यावा आणि त्याची पद्धत, आकडे व त्रुटी यांवर मराठीत मोकळेपणाने चर्चा करून टिपण मात्र इंग्रजीत लिहावे. वर्षभर हा क्रम चालू राहिला तर परदेशी सहकाऱ्याला पाठवण्याजोगा पहिला मसुदा त्याच गटातून तयार होईल.